खाद्यकंपन्यांकडून गुरांच्या मिथेनचा हिशेब कसा मागायचा

दुधाच्या किंवा मांसाच्या कंपनीचा शाश्वतता अहवाल उघडला की हरितगृह वायूंचा एक मोठा एकत्रित आकडा दिसतो, कार्बन डायऑक्साइड-समतुल्य टनांमध्ये, म्हणजे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून. त्यात ट्रकचं डिझेल असतं, कारखान्याची वीज असते, वेष्टनाचं प्लास्टिक असतं आणि गुरांच्या पोटातून निघालेला मिथेनही असतो. कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसवले की हा आकडा जरासा खाली येतो, अहवालात फोटो छापून येतो, आणि गोठ्यात मात्र काहीच बदललेलं नसतं. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो: मिथेन वेगळा मागा, टनांमध्ये मागा आणि तो कमी करण्याचा खर्च कोण उचलणार ते विचारा. पुढचं सगळं काम या तीन मागण्यांवर उभं आहे. निधी व्यवस्थापक असोत, पेन्शन फंडाचे विश्वस्त असोत की थोडेच शेअर हाती असलेले भागधारक, सर्वांना त्या लागू पडतात.

मिथेन वेगळा का, याचं उत्तर तोंडपाठ हवं, कारण पहिल्याच बैठकीत ते विचारलं जातं. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, पण तेवढ्यात भरपूर तापवतो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार गुरांसारख्या जैविक स्रोतातला एक टन मिथेन १०० वर्षांच्या हिशेबाने २७ टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, तर २० वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० टनांइतका. मानवी कारणांनी होणाऱ्या मिथेन उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. आयुष्य कमी असल्यामुळे आज केलेल्या कपातीचा परिणाम एका-दोन दशकांतच तापमानावर दिसतो. इतक्या लवकर फळ देणारे उपाय हवामानाच्या प्रश्नात फार थोडे आहेत.

पैशाची बाजूही तितकीच ठोस आहे. डेन्मार्कने पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर ठरवला आहे: सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड-समतुल्य टनाला ३०० क्रोनर, २०३५ मध्ये ७५०. सवलत धरून प्रत्यक्ष भार अनुक्रमे १२० आणि ३०० क्रोनरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी जेबीएस या मांस कंपनीच्या अमेरिकी शाखेवर 'नेट झिरो'च्या, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या दाव्यांवरून खटला भरला. कर, खटले आणि मोठ्या खरेदीदारांच्या अटी हे तीन धोके ताळेबंदाला थेट भिडतात. संचालकांशी बोलताना सुरुवात इथून करा.

आधी कंपनी निवडा

बहुतेक खाद्यकंपन्यांच्या मालकीची एकही गाय नसते. मिथेन निघतो तो शेतकऱ्याच्या गोठ्यात, आणि कंपनीच्या हिशेबात तो 'स्कोप ३'मध्ये, म्हणजे कंपनीबाहेर पुरवठा साखळीत होणाऱ्या उत्सर्जनात, विकत घेतलेल्या मालाच्या सदरात जातो. 'ते आमच्या हातात नाही' हे उत्तर इथूनच जन्माला येतं. म्हणून कंपनी निवडताना ती गोठ्याच्या किती जवळ आहे ते पाहा. शेतकऱ्यांकडून थेट दूध घेणारी कंपनी दूध-दर ठरवते, टँकर पाठवते, गुणवत्तेची तपासणी करते; तिच्या हातात भरपूर काही असतं. बाजारातून दूध भुकटी किंवा चीज घेणाऱ्या बिस्किट कंपनीचा हात तितका पोहोचत नाही. तिच्याकडे वेगळी मागणी करावी लागते: पुरवठादाराच्या करारात मिथेनची माहिती देण्याची अट घाला. मांस कंपन्यांचं प्रकरण सर्वांत अवघड. वासरू एका शेतावर जन्मतं, दुसरीकडे वाढतं, तिसरीकडे लठ्ठ केलं जातं, आणि कंपनीला बहुधा शेवटचाच टप्पा दिसतो. मिथेनचा मोठा हिस्सा मात्र पहिल्या टप्प्यातल्या चरणाऱ्या गाईंचा असतो.

पहिल्यांदाच हे काम करत असाल तर थेट दूध संकलन करणाऱ्या कंपनीपासून सुरुवात करा. तिथे माहिती मिळते आणि बदल मोजता येतो. तुलनेसाठी फेअर या गुंतवणूकदारांच्या जाळ्याचा निर्देशांक कामाला येतो. तो ६० मोठ्या सूचिबद्ध मांस, दूध आणि मत्स्य कंपन्यांचं मूल्यमापन करतो. सेरेस या संस्थेचा 'फूड एमिशन्स ५०' हा खाद्यकंपन्यांच्या उत्सर्जनावरचा उपक्रमही पाहा.

कंपनीला विचारण्याआधी स्वतः मोजा

बहुतेक गुंतवणूकदार हा टप्पा गाळतात आणि मग कंपनी देईल तो आकडा मान्य करण्यावाचून पर्याय उरत नाही. ढोबळ अंदाज काढायला एक दुपार पुरते. राष्ट्रीय हिशेबांसाठी जगभर वापरलं जाणारं सूत्र असं आहे: गाय दिवसाला जितकी ऊर्जा खाते, तिचा ठरावीक टक्का मिथेनच्या रूपाने वाया जातो. हा टक्का गुरांसाठी साधारण ६.५ धरतात. एक किलो मिथेनमध्ये ५५.६५ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक किलो सुक्या चाऱ्यात, म्हणजे पाण्याचा अंश वगळून, सुमारे १८.४५ मेगाज्यूल.

दिवसाला २० किलो सुका चारा-खुराक खाणारी, भरपूर दुधाची गाय घ्या. २० गुणिले १८.४५ म्हणजे ३६९ मेगाज्यूल. त्याचे ६.५ टक्के म्हणजे जवळपास २४ मेगाज्यूल. भागिले ५५.६५ म्हणजे दिवसाला सुमारे ०.४३ किलो, वर्षाला १५७ किलो मिथेन. ही गाय वर्षाला ८,००० किलो दूध देत असेल तर किलोमागे जवळपास २० ग्रॅम. आता कंपनीच्या अहवालातून वर्षाचं दूध संकलन घ्या. ते १०० कोटी किलो असेल तर फक्त दुभत्या गाईंच्या पोटातून २०,००० टन मिथेन निघतो. १०० वर्षांच्या हिशेबाने तो ५.४ लाख टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य होतो, २० वर्षांच्या हिशेबाने सुमारे १६ लाख टन.

या आकड्यात तीन गोष्टी आलेल्या नाहीत, त्या वहीत नोंदवून ठेवा. दूध न देणाऱ्या कालवडी आणि वासरं खातात आणि मिथेनही सोडतात. शेणाचा मिथेन वेगळा मोजावा लागतो. उलट, गाईच्या उत्सर्जनाचा काही भाग तिच्या मांसाच्या खात्यावर टाकण्याची पद्धत असल्यामुळे दुधाच्या वाट्याचा आकडा थोडा घटतो. तेव्हा तुमचा अंदाज नेमका नसतो, त्याची गरजही नाही. कंपनीचा आकडा तुमच्या आकड्याच्या निम्म्याने असेल तर प्रश्न विचारायला तेवढं निमित्त पुरतं.

टक्केवारीत थोडा फेरफार केला तरी उत्तर कसं हलतं ते इथेच करून पाहा. चांगल्या प्रतीच्या आहारावरच्या, जास्त दुधाच्या गाईंसाठी ६.५ ऐवजी ५.७ टक्के धरण्याची मुभा आहे. तसं केलं की १५७ किलोचे १३८ किलो होतात. गाय तीच, चारा तोच, आणि कागदावर १२ टक्के कपात! हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहिलं पत्र

पत्र छोटं ठेवा, दोन पानांच्या आत. ते गुंतवणूकदार-संपर्क विभागाला पाठवा आणि प्रत संचालक मंडळाच्या अध्यक्षांना द्या. शाश्वतता विभागालाच लिहिलं तर उत्तरही त्यांच्या माहितीपत्रकातलंच येतं. मागण्या अशा शब्दांत मांडा की 'होय', 'नाही' किंवा आकडा, एवढंच उत्तर संभवेल:

"कृपया मागील तीन वर्षांचं मिथेन उत्सर्जन टन मिथेनमध्ये कळवावं; गुरांच्या पचनातून आणि शेणातून होणारं उत्सर्जन स्वतंत्र दाखवावं. हे आकडे किती टक्के दूध किंवा मांस खरेदीवर आधारलेले आहेत आणि त्यातला किती भाग प्रत्यक्ष शेतांवरच्या माहितीतून, किती भाग सरासरी गुणकांतून आला, ते सांगावं. रूपांतरासाठी कोणता गुणक वापरला ते नमूद करावं. २०३० साठी मिथेनचं स्वतंत्र, एकूण टनांमधलं उद्दिष्ट आहे का? असल्यास त्यासाठी पुढच्या तीन वर्षांत किती खर्चाची तरतूद आहे आणि त्यातला किती हिस्सा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचेल?"

रूपांतराचा गुणक विचारण्यामागे कारण आहे. जुन्या अहवालांत २५ किंवा २८ हा गुणक असतो, नव्यात २७. वर्षागणिक गुणक बदलला तर कल बिघडतो. टन मिथेनमध्ये आकडा मिळाला की ही भानगडच संपते.

'आम्ही आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अहवाल देतो' असं उत्तर आलं तर त्यावर समाधान मानू नका. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या मानकामध्ये कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे स्कोप १ च्या उत्सर्जनात प्रत्येक वायू वेगळा दाखवावा लागतो. स्कोप ३ मध्ये तशी सक्ती नाही. कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने २०२२ मध्ये जमीन आणि शेतीसाठी आणलेल्या नियमांतही मिथेनचं वेगळं उद्दिष्ट सक्तीचं नाही. कंपनी नियम पाळूनही मिथेन झाकून ठेवू शकते, आणि नेमकं हेच तुम्ही तिला सांगायचं आहे. 'हे शक्य नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण तयार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत डेअरी मिथेन ॲक्शन अलायन्स सुरू झाली. बेल, डॅनोन, जनरल मिल्स, क्राफ्ट हाइन्झ, लॅक्टॅलिसची अमेरिकी शाखा आणि नेस्ले या सहा कंपन्यांनी दूध पुरवठ्यातला मिथेन जाहीर करण्याचं आणि कृती आराखडा मांडण्याचं मान्य केलं.

उद्दिष्ट वाचताना

पाणी सगळ्यात जास्त मुरतं ते इथे. 'लिटरमागे २० टक्के कपात' हे उद्दिष्ट कानाला छान लागतं. पण त्याच काळात दूध खरेदी ३० टक्क्यांनी वाढली तर ०.८ गुणिले १.३ म्हणजे १.०४; एकूण मिथेन ४ टक्क्यांनी वाढला आणि उद्दिष्टही पूर्ण झालं. वातावरणाला लिटर कळत नाहीत. लिटरमागची कपात उपयोगी आकडा आहे, शेतकऱ्याची प्रगती त्यातच दिसते, म्हणून तो मागा. पण तो एकूण टनांच्या सोबत हवा, त्यांच्या जागी नको. कसं असावं याचा नमुना डॅनोनने जानेवारी २०२३ मध्ये घालून दिला: ताज्या दुधाच्या पुरवठ्यातला मिथेन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत एकूण ३० टक्क्यांनी कमी करणं. आधारवर्ष, मुदत, वायू, व्याप्ती, सगळं एका वाक्यात. आकडा अनेक देशांनी मिळून केलेल्या २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेशीही जुळतो. आता व्याप्तीचा शब्द पाहा, 'ताजं दूध'. भुकटी आणि चीज त्यात नाहीत. चांगल्या उद्दिष्टालाही असा प्रश्न विचारायलाच हवा.

'तापमानवाढ-तटस्थ' हा शब्द दिसला की थांबा. मिथेन मोजण्याची जीडब्ल्यूपी-स्टार नावाची एक पद्धत आहे. उत्सर्जन कसं बदलतं आणि त्याने तापमान कसं बदलतं हे दाखवायला ती शास्त्रीयदृष्ट्या उपयोगी आहे. पण एकट्या कंपनीला लावली तर आधीपासून प्रचंड कळप असलेली कंपनी अगदी थोडी कपात करून 'आम्ही नवी तापमानवाढ करत नाही' असं म्हणू शकते. आधीच होत असलेली तापमानवाढ तिच्या खात्यातून गळून पडते. या पद्धतीवर बेतलेलं उद्दिष्ट स्वीकारू नका.

कार्बन क्रेडिटचाही, म्हणजे केलेल्या कपातीच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचाही, प्रश्न विचारा. शेतावर बायोगॅस संयंत्र बसवून शेतकऱ्याने कपातीचे क्रेडिट तिसऱ्याला विकले असतील, तर तीच कपात दूध कंपनी आपल्या हिशेबात धरू शकत नाही. तशी खातरजमा करारात आहे का, एवढंच विचारा.

आराखड्याचं गणित तपासा

कंपनीचा आराखडा हाती आला की प्रत्येक उपायापुढे दोन आकडे लिहा: तो एका गाईमागे किती टक्के मिथेन कमी करतो आणि किती टक्के पुरवठ्यावर लागू होणार. दोन्हींचा गुणाकार करा, सगळे उपाय जोडा आणि बेरीज उद्दिष्टाशी ताडून पाहा. बऱ्याचदा बेरीज निम्म्यावरही पोहोचत नाही.

सगळ्यात जास्त नाव येतं ते ३-एनओपी या खाद्यपूरकाचं; बाजारात ते बोव्हेर नावाने मिळतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर काम करतात, त्याला हे द्रव्य अडवतं. एक किलो सुक्या आहारामागे सुमारे ६० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाईला दिवसाला १.२ ग्रॅम. दुभत्या गाईंमध्ये सरासरी ३० टक्के कपात होते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये त्याला वाट मोकळी केली. पण मेख अशी की द्रव्याचा असर काही तासच टिकतो. आहारात पूर्ण मिसळून दिवसभर पोटात जात असेल तरच तो ३० टक्क्यांचा आकडा खरा. दिवसभर कुरणात चरणाऱ्या आणि धारेच्या वेळी दोनदाच खुराक खाणाऱ्या गाईंमध्ये परिणाम बराच कमी. आहारात तंतुमय चारा जास्त असला तरी घटतो. तेव्हा कंपनीला विचारा: तुमच्या पुरवठ्यातल्या किती गाई मिश्र आहारावर आहेत? १० टक्के गाईंना पूरक दिलं तर पोटातला मिथेन एकूण ३ टक्क्यांनीच कमी होतो. आराखड्यात १५ टक्के लिहिले असतील तर उरलेले १२ कुठून आले?

लोकांचा विश्वास हीसुद्धा आराखड्यातली बाब आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्ला या दूध कंपनीने ब्रिटनमध्ये सुमारे ३० शेतांवर या पूरकाची चाचणी जाहीर केली आणि काही दिवसांतच समाजमाध्यमांवर दुधावर बहिष्काराची मोहीम उभी राहिली, नियामकांनी सुरक्षित ठरवलं असूनही. ग्राहकांना आधी काय सांगणार, जनावरांच्या तब्येतीवर लक्ष कोण ठेवणार आणि शेतकऱ्याची तक्रार आली तर पूरक थांबवण्याची पद्धत काय, याची उत्तरं आराखड्यात लेखी हवीत. समुद्री लाल शेवाळाचे चाचण्यांतले आकडे याहून मोठे आहेत. मात्र त्यातला प्रभावी घटक ब्रोमोफॉर्म आहे, ज्याच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न आहेत, आणि जनावरं खाणं कमी करतात, असं काही चाचण्यांत दिसलं आहे. २०३० च्या उद्दिष्टाचा मुख्य आधार तो असेल तर आराखडा कच्चा समजा.

शेणाकडे कंपन्या कमी लक्ष देतात, वास्तविक तिथे कपात लवकर साधते. शेण पाण्यासोबत खड्ड्यात साठवलं की हवा लागत नाही आणि मिथेन भरपूर निघतो. कोरडं साठवलं किंवा कुरणातच पडलं तर फार थोडा. घन भाग वेगळा काढणं, खड्डा झाकणं, तो वारंवार रिकामा करणं, गॅस पकडून जाळणं हे सगळे सिद्ध उपाय आहेत. बायोगॅस संयंत्राबाबत गळतीची तपासणी किती वेळा होते ते विचाराच, कारण गळकं संयंत्र केलेली कपात खाऊन टाकतं. कमी मिथेनच्या वंशावळीची निवड हा हळू पण कायम टिकणारा उपाय. कॅनडात २०२३ पासून पैदाशीसाठी अशी गुणांकनं मिळतात. गुरांचं आरोग्य सुधारून तेवढंच दूध कमी जनावरांत मिळवणं चांगलंच, फक्त कळप खरोखर लहान होतो का ते पाहायला हवं. आणि वनस्पतिजन्य पदार्थांचा विक्रीतला वाटा वाढवणं हा एकच उपाय असा आहे जो पूर्णपणे कंपनीच्या हाती आहे. तो आराखड्यात नसेल तर का नाही, हे विचारा.

खर्चाचा मुद्दा शेवटपर्यंत सोडू नका. मिथेन कमी झाल्याने दूध वाढेलच असं नाही, त्यामुळे पूरकाचा पैसा शेतकऱ्याला आपोआप परत मिळत नाही. कंपनीने दरात अधिमूल्य दिलं नाही, करार बहुवर्षीय केला नाही, तर चाचणी संपते त्या दिवशी पूरकही बंद होतं. शेतकऱ्यावर बोजा टाकणारा आराखडा अन्याय्य आहेच, शिवाय तो टिकतही नाही. किलोमागे किती अधिमूल्य आणि किती वर्षांसाठी, हा आकडा मागा.

बैठक

बैठकीला खरेदी विभागाच्या प्रमुखांनी यावं, असा आग्रह धरा. दूध-दर त्यांच्या हातात असतो. एका बैठकीत तीनच मागण्या ठेवा आणि उठण्यापूर्वी प्रत्येकीची तारीख ठरवून घ्या. आठवड्याच्या आत टिपण लिहून पाठवा. 'यावर आमचं काम चालू आहे' हे उत्तर सलग दोनदा आलं तर पुढची पायरी गाठा. पहिल्या पत्रापासून आकडे जाहीर होण्यासाठी एक वर्ष आणि उद्दिष्टासाठी आणखी एक वर्ष, ही मुदत रास्त आहे.

इतर गुंतवणूकदारांसोबत एकत्र गेलात तर वजन वाढतं, पण आधी वकिलाचा सल्ला घ्या. मतदान कसं करायचं यावर आपसांत करार झाला असं दिसलं तर अनेक देशांत तो संगनमताचा प्रश्न बनतो. अमेरिकेत ५ टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्यांनी विशेष जपावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या रोखे आयोगाने स्पष्ट केलं की मागणी मान्य न केल्यास संचालकांविरुद्ध मत देऊ असा दबाव आणणारा भागधारक आपली शेअरधारणा सोप्या, छोट्या अर्जाने जाहीर करण्याची सवलत गमावू शकतो.

कंपनी ऐकत नसेल तर

पहिली पायरी मतदान. ज्या संचालकाकडे शाश्वतता समितीची जबाबदारी आहे, त्याच्या फेरनियुक्तीविरुद्ध मत द्या आणि कारण कंपनीला लेखी कळवा. कारण न सांगता दिलेलं विरोधी मत वाया जातं.

दुसरी पायरी भागधारकांचा ठराव. अमेरिकेत त्यासाठी सलग ३ वर्षं किमान २,००० डॉलरचे, २ वर्षं १५,००० डॉलरचे किंवा १ वर्ष २५,००० डॉलरचे शेअर हवेत. अनेकांचे शेअर एकत्र करून ही अट भागवता येत नाही. ठराव आणि समर्थन मिळून ५०० शब्दांत बसवावं लागतं. गेल्या वर्षीची सभेची कागदपत्रं ज्या तारखेला निघाली, तिच्या १२० दिवस आधी ठराव कंपनीकडे पोहोचला पाहिजे. सादर केल्यापासून १० ते ३० दिवसांत कंपनीशी बोलायला कधी मोकळे आहात, त्या तारखाही लेखी द्याव्या लागतात. हे विसरल्यामुळे चांगले ठराव तांत्रिक कारणावर बाद होतात. ब्रिटनमधल्या सार्वजनिक कंपनीत ५ टक्के मतं किंवा १०० भागधारक लागतात, ज्यांच्या शेअरचं भरणा झालेलं मूल्य सरासरी १०० पौंड आहे. हे मूल्य दर्शनी, बाजारभाव नव्हे, म्हणून आधी मोजून घ्या.

ठरावात उपाय सुचवू नका. 'सर्व गाईंना अमुक पूरक द्या' असं लिहिलं की तो दैनंदिन कारभारातला हस्तक्षेप ठरतो आणि मोठे फंडही बिचकतात. माहिती मागा: मिथेन वेगळा जाहीर करा आणि उद्दिष्टाचा आराखडा प्रसिद्ध करा. मागणी अशी साधी ठेवली की काय होतं ते तेल क्षेत्रात दिसलं. २०२२ मध्ये शेव्हरॉनच्या भागधारकांनी मिथेनच्या आकड्यांच्या विश्वासार्हतेवर अहवाल मागणाऱ्या ठरावाला ९८ टक्के मतं दिली. तिथे संचालक मंडळानेच पाठिंबा दिला होता. तुमचा ठराव पडला तरी पहिल्या वर्षी ५ टक्के मतं मिळणं अमेरिकेत महत्त्वाचं, नाहीतर तो पुन्हा आणण्यावर काही वर्षं बंदी येते. दुसऱ्यांदा १५ आणि त्यापुढे २५ टक्के लागतात.

शेअर विकून बाहेर पडणं ही शेवटची पायरी. विकल्यावर मत जातं, प्रश्न विचारण्याचा हक्क जातो आणि शेअर बहुधा अशा कुणाकडे जातात ज्याला मिथेनशी देणंघेणं नाही.

दरवर्षीची तपासणी

कपात जाहीर झाली की ती तीन भागांत फोडून मागा: खरेदी कमी झाल्याने किती, शेतावर खरोखर बदल झाल्याने किती आणि मोजण्याची पद्धत बदलल्याने किती. एखादा विभाग विकून टाकल्यानेही आकडा घसरतो. गाई तिथेच असतात, फक्त वही बदलते. वर पाहिलेली ५.७ आणि ६.५ टक्क्यांची गंमत याच ठिकाणी होते. पद्धत सुधारणं योग्यच आहे, फक्त मग आधारवर्षाचा आकडाही त्याच नव्या पद्धतीने पुन्हा काढायला हवा. तसा काढला का आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाने तो तपासला का, हे विचारा. उपग्रहाने तपासू, असं कुणी म्हणालं तर भुलू नका. तेलविहिरीची मोठी गळती उपग्रहाला दिसते, पण विखुरलेल्या गाईंचा मिथेन इतका पातळ पसरतो की एकेका शेताचा हिशेब त्यातून निघत नाही. इथे चारा-खुराकाच्या नोंदी, जनावरांची संख्या, शेण साठवण्याची पद्धत आणि पूरकाची खरेदी बिलं हाच पुरावा. जाहीर कपातीशी बिलांवरचं पूरकाचं वजन जुळतं का ते ताडून पाहा. एका गाईला दिवसाला १.२ ग्रॅम या हिशेबाने १०,००० गाईंना वर्षभरात सुमारे ४.४ टन शुद्ध घटक लागतो.